वर्तुळातला अज्ञात कोन: ५०°, ६५° की ११५°?

कंपासपेटी

नमस्कार मंडळी. मुलीला भूमिती शिकवता शिकवता मीच एका गणितात अडकले आहे. आकृती इथे चढत नाहीये, म्हणून शब्दांत लिहिते. कागद-पेन्सिल घेऊन वाचलंत तर बरं.

केंद्र म असलेलं एक वर्तुळ. बाहेरच्या प बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका, स्पर्शबिंदू अ आणि ब. ∠अपब = ५०°. वर्तुळावर क हा आणखी एक बिंदू. ∠अकब काढा.

मी मअ आणि मब जोडल्या. स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, म्हणून चौकोन मअपब मध्ये दोन कोन ९०° चे. उरलेला ∠अमब = ३६० − ९० − ९० − ५० = १३०°. अंतर्लिखित कोन केंद्रीय कोनाच्या निम्मा, म्हणून ६५°.

मुलगी म्हणते ५०°. तिचं म्हणणं, मअकब हा चक्रीय चौकोन आहे, समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८०°, म्हणून १८० − १३०.

उत्तरसूचीत ११५° छापलंय.

एका गणिताची तीन उत्तरं! आकृतीत क हा बिंदू प च्या बाजूला आहे, पण त्याने काय फरक पडतो ते मला कळत नाहीये. कुणी नीट उलगडून सांगेल का? मला नुसतं उत्तर नकोय, उद्या दुसरं गणित समोर आलं तर हीच गफलत पुन्हा होऊ नये एवढंच हवंय.

---

रेघोटी

११५° बरोबर आहे. क लघुकंसावर आहे, म्हणजे ∠अकब विशालकंस आंतरखंडित करतो. ३६० − १३० = २३०, त्याचे निम्मे ११५.

---

कंपासपेटी

धन्यवाद रेघोटी. आकडे जुळले. पण "आंतरखंडित कंस" हे ओळखायचं कसं? पुस्तकातली व्याख्या मी तीनदा वाचली. कोनाच्या अंतर्भागात असलेला वगैरे. वाचताना कळतं, आकृतीत बघायला गेलं की निसटतं.

---

लंबदुभाजक

ताई, तुमचा प्रश्न अगदी मुळावरचा आहे. मी बरीच वर्षं भूमिती शिकवतोय आणि वर्तुळाच्या प्रकरणात दहापैकी आठ चुका याच जागी होताना पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेन्सिलीचं टोक क वर ठेवा. तिथून अ कडे एक रेघ गेली आहे, ब कडे दुसरी. त्या दोन रेघांच्या मधे सापडलेला वर्तुळाचा तुकडा, तो त्या कोनाचा कंस. एवढंच. आणि एक खूण कायम लक्षात ठेवा: कोनाचा शिरोबिंदू त्याच्या स्वतःच्या कंसावर कधीच नसतो. अ आणि ब मुळे वर्तुळाचे दोन तुकडे पडतात. क ज्या तुकड्यावर बसलाय तो सोडायचा, दुसरा घ्यायचा.

तुमच्या आकृतीत क आहे प च्या बाजूला. प च्या बाजूचा तुकडा कोणता? ∠अमब १३०° चा आहे आणि तो प कडे उघडतो, म्हणून त्या बाजूचा कंस १३०° चा, म्हणजे लघुकंस. क त्याच्यावर बसलाय, तेव्हा तो गेला. उरला २३०° चा. निम्मे केले की ११५°.

तुम्ही १३० चे निम्मे केलेत, म्हणजे क ज्याच्यावर बसलाय तोच कंस त्याला मोजायला दिलात. क पलीकडच्या मोठ्या कंसावर असता तर तुमचं ६५° अगदी बरोबर होतं.

आता मुलीच्या उत्तराबद्दल. तिने चक्रीय चौकोनाचं प्रमेय आठवून वापरायचा प्रयत्न केला हे फार चांगलं. पण चक्रीय चौकोनाचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर लागतात. मअकब मध्ये अ, क, ब वर्तुळावर आहेत, म मात्र त्याच वर्तुळाचं केंद्र. तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं आणि ते म मधून जात नाही. म्हणून हा चौकोन चक्रीय असूच शकत नाही. केंद्र शिरोबिंदू असलेला चौकोन दिसला की बहुतेक मुलांचा हात त्या प्रमेयाकडे जातो, कारण चौकोन वर्तुळाच्या "आत" दिसतो. आत असणं वेगळं, वर्तुळावर असणं वेगळं.

आणि तिला हेही दाखवा, तिला आवडेल: याच आकृतीत एक खरा चक्रीय चौकोन लपलाय. मअपब. अ आणि ब पाशी काटकोन, म्हणून समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८०°. तो या वर्तुळात बसत नाही, त्याचं वर्तुळ वेगळं आहे, ज्याचा व्यास मप आहे. ∠अमब काढायला तुम्ही ३६० मधून तीन वजाबाक्या केल्यात. हा चौकोन दिसला असता तर १८० − ५० अशी एकच पुरली असती.

शिकवताना मी एक सवय लावतो. कोन शोधायला लागण्याआधी आकृतीतल्या प्रत्येक कंसावर त्याचं माप लिहून टाकायचं. अंतर्लिखित कोन दिलेला असेल तर दुप्पट करून त्याच्या कंसावर लिहायचा. सगळ्या कंसांची बेरीज ३६०°. मग हवा तो कोन वाचून घ्यायचा. प्रमेय कुठलं लागू पडेल याचा विचार करण्याआधी हे केलं तर निम्मी गणितं तिथेच सुटतात.

---

शून्यकोन

लंबदुभाजक सरांशी थोडा असहमत. कंसांची मापं लिहिण्यात वेळ जातो. परीक्षेत वेळ कमी असतो. पाच-सहा प्रमेयं पाठ असली की काम होतं: केंद्रीय कोन दुप्पट, अर्धवर्तुळातला कोन ९०°, एकाच कंसातले अंतर्लिखित कोन एकरूप, चक्रीय चौकोन, स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन, आणि दोन जीवा आत छेदल्या तर कोन समोरच्या कंसाच्या निम्मा. संपलं.

---

अर्धवर्तुळ

शून्यकोन, तुमच्या यादीतलं शेवटचं वाक्य तपासून बघा. दोन जीवा वर्तुळाच्या आत छेदल्या तर कोन समोरच्या कंसाच्या निम्मा नसतो. एक गणित देते, माझं फार आवडतं आहे.

अब हा व्यास. वरच्या अर्धवर्तुळात कड ही जीवा, तिची लांबी त्रिज्येइतकी. वर्तुळावरचा क्रम अ, क, ड, ब. जीवा अड आणि बक आत न मध्ये छेदतात. ∠अनब किती?

तुमच्या नियमाने समोरचा कंस म्हणजे खालचं अर्धवर्तुळ, १८०°, निम्मे ९०°. आता खरं काढू. कड त्रिज्येइतकी आहे, तेव्हा क आणि ड केंद्राला जोडले की समभुज त्रिकोण होतो, म्हणजे कंस कड ६०° चा. ∠अडब अर्धवर्तुळातला, ९०°. ∠कबड हा कंस कड चा अंतर्लिखित कोन, ३०°. ∠अनब हा त्रिकोण नडब चा बाह्यकोन, म्हणजे ९० + ३० = १२०°.

नव्वद नाही, एकशेवीस. कारण आतल्या छेदनबिंदूपाशी कोन दोन कंस खातो, समोरचा आणि पाठीमागचा. (१८० + ६०) ÷ २. दोघांच्या बेरजेच्या निम्मा.

अक आणि बड या जीवा वर वाढवून वर्तुळाबाहेर प मध्ये भेटवल्या तर? ∠अकब = ९०°. तो त्रिकोण पकब चा बाह्यकोन. ९० = ∠प + ३०, म्हणून ∠प = ६०°. म्हणजे (१८० − ६०) ÷ २. बाहेर गेलं की फरकाच्या निम्मा.

या गणितातलं मला सगळ्यात सुंदर काय वाटतं सांगू? कड ही जीवा कमानीवर डावी-उजवीकडे कुठेही सरकवा, ६०° आणि १२०° दोन्ही जसेच्या तसे राहतात. क आणि ड ची जागा कुणी सांगितलेलीच नाही, तरी उत्तर ठरलेलं. आणि दोघांची बेरीज १८०°, तीही उगाच नाही. क आणि ड पाशी काटकोन असल्यामुळे प, क, न, ड हे चार बिंदू स्वतःच एका वर्तुळावर येतात.

---

शून्यकोन

मान्य, चुकलो. इतकी वर्षं तो नियम मनात अर्धवट बसला होता आणि कुठे अडलं नाही, कारण बहुतेक गणितांत छेदनबिंदू केंद्र असायचं आणि तिथे मी सरळ केंद्रीय कोनाचा नियम लावायचो. तिथे समोरचे दोन्ही कंस सारखेच, त्यामुळे बेरजेचं निम्मं आणि एकाचं माप एकच. थांबा, म्हणजे केंद्रीय कोनाचा नियमसुद्धा त्याच सूत्रात बसतो!

---

लंबदुभाजक

बसतो. शिरोबिंदू वर्तुळावर आणा, पाठीमागचा कंस शून्य होतो, उरतो निम्मा. बाहेर न्या, वजाबाकी होते. प्रमेयं वेगवेगळी पाठ केली की हा धागा दिसत नाही, आणि म्हणूनच मी कंस लिहायला सांगतो. वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला जातो हे खरं. महिनाभरात मुलं मापं मनातच धरायला लागतात.

---

जुनीपाटी

मधेच विचारतोय. निम्मा का? म्हणजे केंद्रीय कोनाच्या बरोबर अर्धाच का यावा? शाळेत सिद्धता लिहिल्याचं आठवतं, कारण आठवत नाही.

---

रेघोटी

समद्विभुज त्रिकोणामुळे, जुनीपाटी. एवढी एकच गोष्ट आहे.

अंतर्लिखित ∠अकब घ्या. क मधून केंद्र म ओलांडून पलीकडे वर्तुळापर्यंत व्यास काढा, टोकाला ड म्हणा. आता त्रिकोण मकअ बघा. मक आणि मअ दोन्ही त्रिज्या, म्हणजे पायथ्याचे कोन सारखे, समजा क्ष आणि क्ष. ∠अमड हा त्याचा बाह्यकोन, म्हणजे क्ष + क्ष. दुप्पट झाला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. केंद्र कोनाच्या आत असेल तर दोन्ही बाजू मिळवायच्या, बाहेर असेल तर वजा करायच्या, एका बाजूवरच असेल तर एकच त्रिकोण.

म्हणून वर्तुळाच्या गणितात काहीच सुचत नसेल तर मी केंद्रापासून दिसेल त्या बिंदूला त्रिज्या जोडते. प्रत्येक दोन त्रिज्यांमागे एक समद्विभुज त्रिकोण फुकट मिळतो.

---

लंबदुभाजक

रेघोटींनी नेमकं लिहिलंय. त्यात थोडी भर. हे प्रमेय ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकात विसावं आहे, इ.स.पू. ३०० च्या सुमाराचं. लगेच पुढे एकविसावं: एकाच वर्तुळखंडातले कोन समान. बाविसावं: चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांची बेरीज दोन काटकोन.

ताईंच्या गणितात आपण २३०° चे निम्मे केले, म्हणजे केंद्राशी २३०° चा प्रविशाल कोन धरला. युक्लिडकडे दोन काटकोनांपेक्षा मोठा कोन नव्हताच. मग बाविसावं त्याने कसं सिद्ध केलं? चौकोनाचे कर्ण काढले. एका शिरोबिंदूपाशी कर्णाने कोनाचे दोन तुकडे झाले. एकविसाव्या प्रमेयाने ते दोन्ही तुकडे त्याने एकाच त्रिकोणाच्या दुसऱ्या दोन कोनांइतके दाखवले. संमुख कोन हा त्या त्रिकोणाचा तिसरा. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, झालं.

मुलीला २३०° च्या केंद्रीय कोनाची धास्ती वाटत असेल तर हा रस्ता तिच्यासाठी सोपा पडेल. मोठ्या कंसावर एक बिंदू ड घ्या. ∠अडब = ६५°. अडबक हा खराखुरा चक्रीय चौकोन. म्हणून ∠अकब = १८० − ६५ = ११५°. तिला आठवलेलं प्रमेय बरोबरच होतं, फक्त म च्या जागी ड हवा होता.

---

कंपासपेटी

हे वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हणजे माझी पद्धत बरोबर होती!"

मग तिने जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढली, क बिंदू धरला आणि वर्तुळावर फिरवत बसली. मोठ्या कंसावर फिरवलं की ६५° ढिम्म हलत नाही. अ ओलांडून लहान कंसावर आला की एकदम ११५°. तिथे पुन्हा स्थिर. आता ती विचारतेय, मधले आकडे कुठे गेले? ६५ वरून ११५ ला जाताना ८०, ९०, १०० यायला नकोत का? मला उत्तर देता आलं नाही.

---

अर्धवर्तुळ

किती छान प्रश्न विचारलाय! तिला सांगा, क ला अ च्या अगदी जवळ न्यायचं, केसभर अंतरावर, आणि कोनाकडे न बघता कअ या रेषेकडे बघायचं. क आणि अ जवळजवळ एक झाले की कअ वाढवून मिळणारी रेषा अ पाशी वर्तुळाला नुसती टेकून जाते. म्हणजे ती स्पर्शिकाच होते, पअ.

आता ∠पअब काढा. पअ = पब, म्हणून त्रिकोण पअब समद्विभुज, पायथ्याचे कोन (१८० − ५०) ÷ २ = ६५°. तोच ६५! स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन पलीकडच्या कंसातल्या अंतर्लिखित कोनाइतका असतो, ते प्रमेय तिला फिरवता फिरवता सापडलं.

आणि उडी का? मोठ्या कंसावरून अ कडे येताना क पासून अ कडे जाणारा किरण प च्या दिशेने रोखलेला असतो. क ने अ ओलांडला की त्याला अ कडे बघायला मागे वळावं लागतं. रेषा तीच, किरण उलटा. त्यामुळे कोनाच्या जागी त्याचा पूरक येतो, १८० − ६५. रेषा सलगपणेच फिरत असते, तिने कुठेही उडी मारलेली नाही. बरोबर अ वर मात्र ∠अकब ला अर्थच नाही, कारण तिथे कअ ही रेघच उरत नाही.

---

जुनीपाटी

मी हे कागदावर काढून बघितलं. केसभर अंतरावरची जीवा वाढवली तर ती खरंच प मधून जाते की काय असं वाटतं. एवढ्या वर्षांनी ते प्रमेय कळलं.

---

रेघोटी

एक वेगळ्या जातीचं देते, ज्यात वर्तुळाचा उल्लेखच नाही. चौकोन अबकड. अब = अक = अड. ∠बअक = ४४°, ∠कअड = ७६°. ∠बडक काढा.

---

शून्यकोन

त्रिकोण अकड समद्विभुज, ∠अडक = (१८० − ७६) ÷ २ = ५२°. त्रिकोण अबड समद्विभुज, ∠बअड = १२०°, म्हणून ∠अडब = ३०°. ∠बडक = ५२ − ३० = २२°.

---

रेघोटी

बरोबर. आता ४४ आणि २२ बघा.

---

शून्यकोन

अरे! ब, क, ड तिन्ही अ पासून सारख्या अंतरावर. म्हणजे अ केंद्र. ४४° हा कंस बक चा केंद्रीय कोन आणि ∠बडक त्याचा अंतर्लिखित. एका ओळीचं गणित होतं. ७६° लागलाच नाही.

---

लंबदुभाजक

न दिसणारं वर्तुळ ओळखण्याच्या दोन खुणा मी मुलांना सांगतो. एक ही: एका बिंदूतून निघालेल्या तीन किंवा जास्त समान रेषाखंड. दुसरी: एकाच रेषाखंडावर, एकाच बाजूने उभे असलेले दोन समान कोन, विशेषतः काटकोन. काटकोनाच्या बाबतीत बाजूचीही अट नाही, दोन्ही बाजूंना असले तरी चालतं, मअपब मध्ये होते तसे. त्रिकोणात दोन शिरोलंब काढले की चक्रीय चौकोन तयार झालाच म्हणून समजा.

ताई, मुलीसाठी एक गणित देतो. उत्तर लिहीत नाही.

वर्तुळात त्रिकोण अबक अंतर्लिखित. अ मधून काढलेली स्पर्शिका बक रेषेला, क च्या पलीकडे, ट मध्ये भेटते. ∠अटब = ३२°, ∠अबक = ४१°. ∠बअक किती?

---

कंपासपेटी

तिने स्वतः सोडवलं, मी मधे एक शब्द बोलले नाही. तिच्या वहीतून जसंच्या तसं उतरवते.

∠अबक = ४१°, म्हणून कंस अक = ८२°. ट वर्तुळाबाहेर आहे, म्हणून फरकाचं निम्मं: (कंस अब − ८२) ÷ २ = ३२. म्हणून कंस अब = १४६°. उरलेला कंस बक = ३६० − ८२ − १४६ = १३२°. ∠बअक समोर कंस बक, म्हणून ६६°.

खाली तिने दुसऱ्या पेनाने ताळा केलाय: ∠टअक = ४१° (स्पर्शिका-जीवा). ∠अकब बाह्यकोन, ४१ + ३२ = ७३°. १८० − ४१ − ७३ = ६६°.

आकृतीत प्रत्येक कंसावर लाल पेन्सिलने माप लिहिलंय. शेजारी बाण काढून लिहिलंय, "शिरोबिंदू या कंसावर नाही ना, बघितलं."

---

लंबदुभाजक

दोन्ही रस्ते बरोबर. ताळ्याची पद्धत तिला कुणी सांगितली नव्हती ना? मग तिला पुढचं द्या: तोच त्रिकोण, तीच स्पर्शिका, पण ∠बअक चा दुभाजक बक ला स मध्ये छेदतो. टअ आणि टस यांच्या लांबीबद्दल काय म्हणता येईल, एवढंच विचारा. आकडे काढून टाका.

---

कंपासपेटी

आकडे काढून टाका म्हटल्यावर थोडी बावरली होती. पण आत्ताच ओरडत आली, "∠टअस आणि ∠टसअ दोन्ही ७४ येतात, आणि आकडे बदलले तरी सारखेच राहतात!" का राहतात ते लिहायला बसलीये. टेबलावर कंपास उघडा पडलाय आणि मला खोलीत यायला मनाई आहे.